मंजुळाच्या घराची किल्ली

वच्छलाबाईंच्या जिभेला हाड नाही, हे त्यांच्या कऱ्हाडकडच्या गावाला जन्मापासून ठाऊक होतं, आणि पाटोद्याजवळच्या या डोंगरकडेच्या गावाला चार वर्षांत कळलं होतं. धाकटा मुलगा अमरसिंह इथं जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून लागला. थोरल्या सुनेशी, सत्यशीलेशी, एका चुलीवर पटेना, म्हणून बाई धाकट्याबरोबर आल्या. आल्या त्या नाक मुरडतच. इथलं पाणी जड, इथलं ऊन वैऱ्याचं, इथली म्हैस दूध देते का उपकार करते तेच कळत नाही. बोलण्याची सुरुवात "आमच्याकडं" आणि शेवटही "आमच्याकडं". त्यांचा बारा एकर ऊस रोज गल्लीत येऊन उभा राहायचा, म्हणून गल्लीनं त्यांचं नाव ठेवलं, ऊसवाली मावशी.

पण त्याच जिभेचा गल्लीला उपयोगही व्हायचा. रेशनवाला मापात मारायला लागला की बायका दाराशी यायच्या. "मावशी, आज जरा तुमचं तोंड द्या की." मावशी पदर खोचून निघायच्या. परतताना बायका हसून हसून बेजार, आणि बाई आतून फुलून वरून म्हणायच्या, "तुमच्या गावात बोलणारं माणूसच न्हाई, दुसरं काय!"

समोरचं घर मंजुळाबाईचं. ती आणि तिचा नवरा शहादेव, दोघांचा मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळा लागल्यावरच परत यायचे. मंजुळा गावात असली की दोन घरांत वाटीची ये-जा चालायची. बाई तापानं पडल्या तेव्हा डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या तिनंच ठेवल्या होत्या. पण ते बाईंनी कधी बोलून दाखवलं नाही. चांगलं बोलायला त्यांची जीभ जड व्हायची.

यंदा दिवाळी झाली. टोळीचा ट्रॅक्टर पारापाशी येऊन उभा राहिला. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्यांची खुराडी चढली. मुकादम बंकट "चला बे, उरका" म्हणून ओरडत होता. निरोप द्यायला सगळी गल्ली जमली होती. मंजुळा नवं लुगडं नेसून वच्छलाबाईंसमोर आली, वाकून पाया पडली आणि काळ्या दोऱ्यात ओवलेली किल्ली तिनं पुढं केली.

"मावशी, यवढी ठेवा. घर तुमच्या हवाली."

बाईंनी किल्लीकडं पाहिलं, जमलेल्या माणसांकडं पाहिलं, आणि जीभ सुटली.

"म्हंजे आता मी तुमची राखणदार व्हय? अगं, आमच्याकडं तुमच्यासारख्या टोळ्या आमच्या बांधावर पडून असायच्या. त्यांच्या खोपीला दार नसायचं. आन् मी त्यांच्या कुलपाची किल्ली कमरंला लावून हिंडू?"

नेहमीसारखं कुणीतरी हसेल असं त्यांना वाटलं होतं. कुणी हसलं नाही. मंजुळानं हात मागं घेतला. किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा आवळली आणि ट्रॉलीत चढून पाठ करून बसली. शहादेव चाकाकडं बघत राहिला. ट्रॅक्टर गेला तेव्हा हात हलवायला उचललेला बाईंचा हात तसाच खाली आला.

कडूबाई, गल्लीतली सगळ्यांत म्हातारी, भिंत चाचपत त्यांच्यापाशी आली.

"कावून असं बोललीस गं?"

"मग काय बोलू? उद्या म्हनतील शेरडं बी राखा."

"किल्ली कुनाला बी देत न्हाईत, बाई. सख्ख्या भावाला बी देत न्हाईत कवा कवा. समद्या गल्लीच्या माझ्यापाशी असत्यात, तू बघतीसच. दिस मावळला की एकेक घर उघडायचं, झाडायचं, देवापुढं दिवा लावायचा. बिनदिव्याचं घर मेल्यावानी दिसतंय. आता माझ्या डोळ्याला दिसंना. मंजुळा म्हनली, माझी मावशीला देते. बाया म्हनल्या, ती परमुलखातली, पोराची बदली झाली की उठून जाईल. तवा मंजुळा समद्यांसंगं भांडली. म्हनली, तोंडानं कडू हाय, पर आपलं माणूस हाय." कडूबाई थांबली. "भांडून दिलती गं तिनं तुला."

वच्छलाबाई पदर सावरत घरात गेल्या.

त्या संध्याकाळपासून त्यांचा छळ सुरू झाला. दिवेलागणीला कडूबाई हातानं भिंती चाचपत बंद घरं उघडायची आणि एकेका खिडकीत पिवळा ठिपका उमटायचा. समोरचं घर तेवढं काळं. बाईंच्या ओट्यावरून दुसरं काही दिसायचंच नाही. त्यांनी ओट्यावर बसायचं सोडलं, तर घरात घास उतरेना. रेशनच्या दिवशी कुणी तोंड मागायला आलं नाही. बायका आपल्या आपण गेल्या, कमी माप घेऊन आल्या आणि त्यांच्या दारावरून गप पुढं निघून गेल्या. बाई दाराआडून बघत होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी त्यांनी अमरसिंहाला मंजुळाला फोन लावायला सांगितलं. "हालू, कोन?" मंजुळाचा आवाज आला, मागं उसावर कोयते पडल्याचा खाडखाड आवाज. वच्छलाबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. फोन कट झाला.

"आई, तुला शब्द सुचंना, हे मी पहिल्यांदाच बघतोय," अमरसिंह म्हणाला.

"गप बस. कुठं हाय त्यांची टोळी?"

"आपल्याच गावाला. दादाच्या शेजारच्या मळ्यात तोड चाललीय म्हणत होता शहादेव."

बाईंनी पिशवी भरली. "नातवंडांना बघून येते," असं म्हणाल्या, पण अमरसिंहाला ते खरं वाटलं नसावं.

एसटी बदलत, अंग खिळखिळं करत त्या गावी पोचल्या. सत्यशीलेनं पाया पडून विचारलं, "किती दिस मुक्काम हाय, आत्या?" चहा पाहुण्यांच्या कपबशीत आला. त्यांच्या कॉटवर खताची पोती रचलेली होती. मिठाचा डबा पूर्वीच्या जागी नव्हता, आणि विचारायचं त्यांच्या जिवावर आलं. सुनेचा दोष नव्हता. घर ज्याचं त्याच्याभोवती फिरतं. बाईंना राग आला नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

दिवस कलताना थोरल्या रविराजनं त्यांना मोटारसायकलवरून शेजारच्या मळ्यात सोडलं. "टोळीवाल्यांकडं तुझं काय काम, आई?" वाटेत त्यानं दोनदा विचारलं. "हाय काम," एवढंच त्या म्हणाल्या. तो गाडी लावून बांधावर उभा राहिला.

तोडलेल्या फडाच्या कडेला कोप्या होत्या, वर निळे कागद टाकलेले. चुली पेटल्या होत्या. शहादेवनं पहिल्यांदा पाहिलं. "आरं, आपल्या गल्लीची मावशी! बंकट, बघ बे कोन आलंय!" त्याचं तोंड हसलं आणि मग आठवण झाल्यासारखं मिटलं.

मंजुळा भाकरी थापत होती. उठली नाही. तिचे हात उसाच्या पात्यांनी चिरले होते. पायानं तिनं एक पोतं पुढं सरकवलं. "बसा."

बाईंनी वाटभर एक बोलणं जुळवून आणलं होतं. "तुझ्या घरात उंदीर झालेत गं. रात्रभर खुडबुड चालती. किल्ली देशील तर बघीन म्हनलं."

"असूंद्या उंदीर. आमच्या घरात काय खातील? उपाशी मरून जातील." मंजुळानं भाकरी तव्यावर टाकली. "यवढ्या लांब तुमी उंदरासाठी आल्या?"

बाई पोत्यावरचा धागा ओढत राहिल्या.

"मावशी, तवा ट्रॉलीत समदे होते. जाताना वाटंनं कुनी एक शब्द बोललं न्हाई, माझ्या तोंडाकडं बघितलं बी न्हाई. मी भांडून तुमचं नाव घेतलतं. माझी मान खाली गेली." तिनं वर पाहिलं. "किल्ली मागायचीच तर त्यांच्या समोर मागा."

वच्छलाबाई उठल्या. गुडघे दुखले म्हणून वेळ लागला, असं कुणाला वाटलं असेल तर वाटू दे. चुलीपुढच्या बाया थांबल्या. बंकट विडी तशीच धरून उभा होता. आणि बांधावर रविराज, ज्याच्या लहानपणी याच शिवारात बाई टोळ्यांच्या माणसांना हौदावरून हाकलायच्या.

"मी लई वाईट बोलले," त्या म्हणाल्या. आवाज आपला वाटेना. "मंजुळानं घर दिलं आन् मी तिला चारचौघांत हलकं केलं. तिचं घर अंधारात हाय, आन् ते माझ्यामुळं हाय. मंजुळा, मला किल्ली दे."

"असू द्या, मावशी" असं कुणीतरी म्हणेल, याची त्या वाट बघत राहिल्या. कुणी म्हणालं नाही. एका चुलीवर आमटी उतू गेली तरी चुलीपुढची बाई हलली नाही. वच्छलाबाईंचे कान तापले, मान खाली गेली, आणि पायाखालच्या पाचटाकडं बघत त्या उभ्याच राहिल्या. मंजुळानं भाकरी उलटली, शेकली, टोपलीत टाकली. मग हात पुसून पदराची गाठ सोडली.

"देवळीतला दिवा डावीकडं हाय. त्याल कडूबाईकडून घेऊ नका, तिला परवडत न्हाई."

"बरं."

"कणगीवरचं फडकं आठवड्याला वाळवायचं. न्हाईतर ज्वारीला किडा लागंल."

एवढं मला कळतं, असं जिभेवर आलं होतं. "बरं," त्या म्हणाल्या.

"आन् घर झाडताना आतून बाहिर झाडायचं. तुमी तुमच्या ओट्यावर उलटं झाडता, मी बघितलंय."

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मग शहादेव हसला.

"आई, उरकलं का?" बांधावरून रविराजनं हाक मारली. "सत्यशीला जेवायला थांबलीय."

"तू हो म्होरं," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांची मान अजून वर होत नव्हती. "हिचं सांगून व्हायचंय अजून."