तांदळाच्या कोठीतला गोळा

मुकुंद नावाचा तो माणूस तिसऱ्यांदा आला, तेव्हाच मला खात्री पटली की हा आमच्या बंद स्टेशनाचा इतिहास लिहायला आलेला नाही. एक फलाट, एक खोली आणि पिंपळ उगवलेली तिकीट-खिडकी, त्याचा इतिहास तो किती असणार? स्टेशन कधी बांधलं हे त्यानं विचारलंच नाही. फिरून फिरून भोपळे चौकात, तसा तो शेवटच्या गाडीच्या विषयावर यायचा.

"त्या दिवशी गोळा कोणाजवळ होता?"

गोळा म्हणजे लोखंडी चेंडू, पुढची लाइन मोकळी असल्याची खूण. तो हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे. माझे बाबा, धोंडबा, इथे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. लाइन बंद व्हायच्या दिवशी त्यांनी तो जेवणाच्या डब्यात घालून घरी आणला. गोळा नाही तर गाडी निघणार नाही, मग लाइन बंद कशी होईल, असं त्यांना वाटलं. स्टेशन मास्तरांनी कागदावर परवानगी लिहिली आणि गाडी गेली. गोळा आमच्या तांदळाच्या कोठीत राहिला. गावानं बुद्धविहाराच्या किल्ल्या बाबा मरेपर्यंत विश्वासानं त्यांच्याकडेच ठेवल्या होत्या. त्या माणसाला आता कोणी चोर म्हणावं, हे मला सोसणार नव्हतं.

"मले नाही माहीत," मी म्हणालो. "तुम्ही रेल्वेकडून आले का? काहून विचारून राहिले?"

त्यानं वही मिटली. कोरीच होती, मी पाहिलं.

"इथले शेवटचे मास्तर माझे वडील. गोळा हरवल्याचा ठपका त्यांच्यावर आला. आता शहरात, मनीषनगरच्या घरी रोज कपाट उपसतात. म्हणतात, मीच कुठंतरी ठेवला, आठवून नाही राहिलं."

असलं रडगाणं गाऊनच माणसं पोटातलं काढून घेतात. मी त्याला वाट दाखवणार, तेवढ्यात आत कोठीचं झाकण वाजलं. आई दारात आली. हाताला कोपरापर्यंत कोंडा लागलेला, पदरात गोळा.

"आई, बाबांचं नाव जाईन," मी म्हणालो.

"अन् मास्तरचं गेलं ते?" तिनं गोळा मुकुंदच्या हातात दिला. "सांगजा, तुम्ही विसरले नव्हते. धोंडबानं नेला होता."

मुकुंदनं तिथूनच फोन लावला आणि वडिलांना सगळं सांगितलं. मी कान देऊन उभा होतो. आता शिव्या येणार.

"धोंडबाले कोणी काही म्हणलं तं नाही ना?" म्हाताऱ्यानं विचारलं. "बरा आहे ना तो?"

मुकुंदनं फोन माझ्यापुढे धरला. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. मी फोन हातात घेतला.