खिडकीची बुजलेली भोकं

भुकूमच्या एका सोसायटीत आशालताबाईंचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. गेल्या पावसाळ्यात खिडकीतून थोडं पाणी झिरपलं, म्हणून सोसायटीने मे महिन्यात दयानंद ठेकेदाराकडून सगळ्या खिडक्यांना बाहेरून सिलिकॉन मारून घेतलं. जुलैत पाणी थांबायचं सोडून दुप्पट आत येऊ लागलं. त्याच खिडकीखाली त्यांच्या नवऱ्याचा, बंडोपंतांचा पलंग होता. त्यांचं ऑक्सिजनचं मशीन शेजारच्या विजेच्या बोर्डावर चालायचं.

तीन दिवस तक्रारी केल्यावर भर पावसात दयानंद आला. सोबत त्याच्याकडे काम करणारा धाकलू होता. कुठेतरी फट राहिली असेल, अजून एक हात मारू, असं दयानंदचं म्हणणं. धाकलूने वाकून पाहिलं. खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी काठोकाठ तुंबलं होतं आणि भिंतीवरून ओघळून बोर्डात शिरत होतं. त्याने बोर्डाजवळ कान नेला. आतून चरचर येत होती.

"बाई, आधी मेन बंद करा."

"मशीन बंद पडेल. छोटा सिलिंडर तासभरच पुरतो."

"तासभर लई झाला. करा बंद."

बाईंनी नळी सिलिंडरला जोडली. बंडोपंत त्यांच्याकडे एकटक पाहत होते.

मेन बंद होताच धाकलूने काच सरकवली. कमरेला बांधायचा दोर भूगावच्या गोदामात होता. तो आणेपर्यंत थांब, असं दयानंदने बजावलं. धाकलूने ऐकलं नाही.

"माजा पट्टा धरा. सोडू नका."

तो कमरेपर्यंत बाहेर वाकला आणि चौकटीखाली चाचपत कटरने सिलिकॉन खरवडू लागला. एकदा त्याचा हात निसटला. दयानंदने भिंतीला पाय रोवून त्याला मागे खेचलं. तो पुन्हा वाकला. अखेर दोन भोकांतून धार बाहेर पडली आणि पट्टीतलं पाणी उतरू लागलं.

"पाणी भाईर जायला भोकं असत्यात," आत आल्यावर तो म्हणाला. "मेमधी मीच बुजवली. कळत व्हतं, पर बोललो न्हाई."

सगळं बंद कर, असं दयानंदनेच तेव्हा सांगितलं होतं. त्याने मान खाली घातली.

बाईंना रागवायला वेळ नव्हता. बोर्ड वाळेपर्यंत वीज सुरू करता येणार नव्हती. दोघांनी बंडोपंतांना खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून समोर राहणाऱ्या शेजारणीच्या, दिशाच्या घरी नेलं. मशीन तिथे सुरू झालं, तेव्हा कुठे बाई खाली बसल्या.

"अशी किती घरं?" त्यांनी विचारलं.

"समदीच."

"मग आजच सुरू करा. दोर बांधून."

दयानंद दोर आणायला गाडीची किल्ली काढत जिना उतरला.