डावीकडचे नट

आमच्या बाबांशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. फरक एवढाच, की भिंत उलटून "तुला काय कळतंय?" असं विचारत नाही. तरीही त्या पिकअपच्या चाकांपायी मी कितीतरी दिवस डोकं आपटत राहिले, आणि शेवटी जिंकले. जिंकले म्हणजे काय, तर त्यांनी चाव्या माझ्या अंगावर फेकल्या आणि म्हणाले, "कर काय करायचं ते. माझ्या मढ्यावर सहा बोल्टची चाकं लाव."

पिकअप बाबांचा, गॅरेज माझं. गॅरेजही खरं तर त्यांचंच, पण गुडघे गेल्यावर त्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं आणि स्वतः पिकअपमधून काचेच्या बाटल्या पोचवायची भाडी मारू लागले. गाडी जुनी, पाच बोल्टच्या चाकांची. त्या मापाच्या रिम आता कुठे म्हणजे कुठे मिळत नाहीत. होत्या त्यांना बोल्टच्या भोकांपाशी तडे गेले होते. मी दोनदा वेल्डिंग केलं, तिसऱ्यांदा हात जोडले. मग भंगारात मागून ठोकलेला त्याच जातीचा नवा पिकअप सापडला. त्याचे पुढचे हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते भाग, काढले, मागचा अख्खा अॅक्सल ब्रेकसकट काढला आणि बाबांच्या गाडीखाली बसवला. आता चारी चाकं सहा बोल्टची. रिम कुठल्याही दुकानात मिळेल अशी. मी खूश होते.

एक गोष्ट मात्र मी बाबांना बजावून सांगितली होती. जुन्या हबवर गाडीच्या डाव्या बाजूच्या बोल्टचे आटे उलटे होते. जगातले सगळे नट उजवीकडे फिरवले की आवळतात. हे डावीकडे फिरवायचे. चाक फिरून फिरून नट सुटू नयेत म्हणून त्या काळी कंपन्या तसं करत. नव्या हबला हा प्रकार नाही. दोन्ही बाजू सरळ.

"बाबा, डावीकडचे नटही आता उजवीकडेच आवळायचे. लक्षात राहील ना?"

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? कळलं म्हटलं ना!"

आणि कळलं होतंच. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये आलेल्या एका गिऱ्हाईकाला ते स्वतः अर्धा तास हेच समजावत होते, हातवारे करून, जणू हे हब त्यांनीच शोधून काढले. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. माझी लेक, आम्ही तिला ढमी म्हणतो, आजोबांबरोबर बाटल्या पोचवायला निघाली होती. मी गॅरेजमध्ये एका गाडीचं तेल बदलून बॉनेट लावायच्या बेतात होते. गाडीचे मालक बाकावर चहा घेत बसले होते. तेवढ्यात आईचा फोन आला. सहज. आई सहज फोन करते तेव्हा तिला काहीतरी ऐकवायचं असतं.

"काय गं, एवढी मोठी मिस्त्रीण तू, आणि चाकं ढिली ठेवतेस?"

"कोण म्हणतं?"

"हे म्हणत होते. बरं झालं यांना निघताना नट तपासायची सवय आहे. डाव्या बाजूचे सगळे हलले म्हणे. पान्यावर पाय देऊन एकेक आवळला, तेव्हा कुठे यांचं समाधान झालं."

मी तेलाचा डबा खाली ठेवला.

"आणि उजवीकडचे?"

"ते घट्ट होते. जागचे हललेसुद्धा नाहीत. एक बाजू नीट करायची आणि दुसरी तशीच सोडायची, हे कसलं गं काम?"

उजवीकडचे हलले नाहीत, कारण मी ते जीव खाऊन आवळले होते. डावीकडचेही तसेच आवळले होते. मग ते हलले कसे? एकाच तऱ्हेनं हलू शकतात. बाबांनी पाना लावला, जन्मभर लावला तसा, पाय ठेवला आणि दणका दिला. डावीकडे.

त्यांनी डाव्या बाजूचा एकूण एक नट सोडला होता, आणि माझ्या पोरीला शेजारी बसवून निघून गेले होते.

बाबांना फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना ते फोन घेत नाहीत. ही शिस्त मलाही त्यांनीच लावली. मेली ती शिस्त! समोर होती ती गाडी मी काढली. बॉनेट आपटलं, चावी फिरवली. मालक चहाचा कप घेऊन धावले. "अहो ताई! ताई, माझी गाडी!"

"आणून देते!" मी ओरडले आणि निघाले.

बाबा ज्या कारखान्यात बाटल्या पोचवतात, तिथला रस्ता मला पाठ आहे. आधी बराच सपाट, मग वळण, आणि वळणापुढे जो उतार लागतो तो थेट खाली पुलापर्यंत. उतारावर वजनाची गाडी, म्हणजे ब्रेक. आणि ढिल्या चाकावर जोराचा ब्रेक मारला तर उरलेले बोल्ट खडूसारखे तुटतात. मी स्टिअरिंग असं धरून बसले होते की बोटं दुखायला लागली. देवा, ते हळू चालवतात, हळूच चालवू देत. आयुष्यभर त्या हळू चालवण्यावर मी कटकट केली होती.

वळणाच्या बरंच अलीकडे मला पिकअप दिसला. मागे खोक्यांची चळत, वर दोरी आवळलेली. मागचं डावं चाक डुगडुगत्या स्टुलासारखं हलत होतं.

मी हॉर्न दिला. खिडकीतून बाबांचा हात बाहेर आला आणि ऐटीत पुढे हलला. जा, जा, घाई असेल तर जा. मी पुन्हा हॉर्न दिला. पुन्हा तोच हात. अस्सा राग आला!

ओरडावं म्हणून मी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि तोंड उघडलं. तेवढ्यात ढमीची शेंडी दिसली, पलीकडच्या खिडकीशी नाचणारी. गाणं म्हणत असावी. मी तोंड मिटलं. मी ओरडले असते तर बाबांनी दचकून ब्रेक मारला असता. नाही. ओरडायचं नाही. त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

मी पुढे गेले. मध्ये भरपूर अंतर ठेवून त्यांच्यासमोर आले, चारी दिवे लुकलुकते केले आणि एक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचलला. जरा हळू. अजून जरा. आरशात बाबा दिसत होते. समोरची गाडी हळू झाली की अंतर राखून आपणही हळू व्हायचं, हाही त्यांचाच नियम. ते हळू झाले. मग त्यांनी हॉर्न दिला. मग हॉर्न दाबूनच धरला. खुशाल शिव्या द्या बाबा, पण ब्रेक हळू दाबा. वळण जवळ आलं. माझी गाडी माणसाच्या चालीनं चालली होती. मग तीही नाही. मी थांबले. मागे पिकअप थांबला.

बाबा दार उघडून तणतणत उतरले. "गाडी चालवता की वरात काढता? अक्कल..." आणि मग मला बघितलं.

मी त्यांच्याकडे गेलेच नाही. आधी पलीकडचं दार उघडून ढमीला ओढून काढलं आणि छातीशी धरलं. ती म्हणाली, "आई, तुझ्या हाताला तेल आहे." मी तिचे पापे घेत सुटले, तेलाबिलासकट.

पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट वाटेत पडले होते. तिसरा मी नुसत्या बोटांनी काढून बाबांपुढे धरला.

"हे काय? सकाळीच आवळले होते मी!"

"आवळले नाहीत, बाबा. सोडलेत. सगळे सोडलेत तुम्ही!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी सीटमागून पाना काढला आणि चाकापाशी बसले. "थांब. मी लावतो. आत्ता घट्ट करतो." एका नटाला पाना लावला आणि ओढला.

डावीकडे.

नट निघून मातीत पडला. ढमी म्हणाली, "आजोबा, तो निघाला."

बाबा त्या नटाकडे बघत बसले. मग स्वतःच्या हातांकडे. "मला माहीत आहे गं," ते म्हणाले. "उजवीकडे. मला माहीत आहे. कुणी विचारलं तर मी सांगेन. पण हात..."

वाटेत मी काय काय ऐकवायचं ठरवलं होतं! सगळं तोंडाशी आलेलं होतं. मी त्यांच्या हातून पाना घेतला. उजव्या चाकांचे दोन-तीन नट काढून डावीकडे लावले, मग चारी चाकांचे सगळे नट एकेक करून आवळले. गॅरेजपर्यंत हळू जायला तेवढे पुरेसे होते. गिऱ्हाईकाची गाडी कडेला लावली. परत येऊन बघते तर ढमी मध्ये बसलेली, आणि बाबा तिच्या पलीकडे, खिडकीशी. स्वतःच्या गाडीत त्या बाजूला मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. पट्टा कुठे अडकतो ते त्यांना सापडत नव्हतं. ढमीनं अडकवून दिला.

मी पिकअप वळवला, चालू ठेवला आणि वाट बघत थांबले. म्हटलं, आता म्हणतील, सरक, मी चालवतो.

"यातला एखादा नट मी आवळलाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. सगळे मीच."

"नक्की?"

"नक्की."

"मग चल," बाबा म्हणाले, आणि त्यांनी ढमीचा हात घट्ट धरला.