बावीस गुळगुळीत सांधे

कल्पना करा, तुमच्या चिमटीत वीतभर तार आहे. ती इकडे वाकवा, मग तिकडे. काही होत नाही. दहा वेळा वाकवली तरी तार जशीच्या तशी. अकराव्या वेळी, जोर मुळीच न वाढवता, टक्‌ करून तुटते. आता मला सांगा, तिला कुणी तोडलं? अकराव्या खेपेने, की आधीच्या दहांनी?

तुडतुडीने तुटलेली तार आईच्या टेबलावर ठेवली. शाळेच्या पटावर तिचं नाव वेगळं होतं. पण एका जागी दोन मिनिटं न टिकणाऱ्या मुलीला घरात दुसरं काय म्हणणार? आज मात्र ती खुर्चीला खिळली होती. समोर संगणकाच्या पडद्यावर आई हातोडीशिवाय लोखंड ठोकत होती.

त्यांच्या गल्लीपासून शाळेपर्यंत, कालव्यावरून, नवा झुलता पूल झाला होता. वरच्या दोरखंडांना लटकलेल्या लोखंडी सळया खाली पुलाच्या चौकटीला वेल्ड केलेल्या. त्यातलाच एक सांधा पडद्यावर होता. पुलावर पाऊल पडलं की सळई किंचित ताणली जाते, उचललं की सैल पडते. तारेचाच खेळ, फक्त लाखो वेळा. वेल्ड जिथे संपतो त्या कडेला पडदा लाल दिसत होता. तडा जातो तो तिथूनच. मग गोल टोकाची एक कांडी त्या कडेवर आदळे, बारीक खळगा पडे आणि लाल रंगाच्या जागी निळा पसरे.

"खळग्याखालचं लोखंड दाबलं जातं," आई म्हणाली. "मग तड्याला तोंड उघडता येत नाही. तू ओठ घट्ट मिटलेस की औषधाचा चमचा आत जातो का?"

खरा पूलही असाच ठोकून घेतला होता आणि तपासणीची जबाबदारी असलेल्या आईने भिंग लावून एकेक खळगा पाहिला होता. पूल चाळीस वर्षं टिकेल, असं गणित म्हणत होतं. उद्या आईची सही, परवा पूल खुला.

"आणि ते खळगे कुणी घासून टाकले तर?" तुडतुडीने विचारलं.

"एवढा शहाणा अजून जन्मायचाय," आई हसली. पण मुलांचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही हा तिचा नेम. तिने पडद्यावरच्या सांध्यावरून नखाच्या जाडीचा थर खरवडला आणि गणित पुन्हा चालू केलं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली.

तुडतुडीला मात्र ठाऊक होतं. तो शहाणा जन्मला होता. तो तिचा मामा होता.

दोन वर्षं मामाच्या हाताला काम नव्हतं. शेवटी आईने पुलाच्या कारखान्यात शब्द टाकला, आणि गेल्याच महिन्यात तो तिथे लोखंड घासायच्या कामावर कायम झाला. रंग देण्याआधी त्याने भाचीला पूल दाखवायला नेलं तेव्हा तिने सळईच्या बुडाशी हात धरला आणि लगेच मागे घेतला. टोचतंय, म्हणाली. चार दिवसांपूर्वी पुन्हा घेऊन गेला, तेव्हा रंग लागला होता आणि सांधे बाटलीसारखे गुळगुळीत झाले होते. सगळे नव्हेत, पोरांचे हात पोचतील तेवढे बावीस. आता बघ, टोचतंय का, असं म्हणून त्याने डोळा मिचकावला होता. तपासणीनंतर सांध्यांना कुणी हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती, पण लेकरांच्या हातांपुढे त्याला ती आठवली नसावी.

पट्टी भरली. सांधा पुन्हा लालेलाल झाला. खाली आकडा उमटला: सात वर्षं.

"बघ, म्हणून घासायचं नसतं," एवढं बोलून आई आत गेली, कारण पाळण्यातला गोट्या रडायला लागला होता.

तुडतुडीने बोटं मोजली. सात वर्षांनी तिची शाळा संपलेली असेल. गोट्या मात्र आठ वर्षांचा असेल, आणि दप्तर घेऊन रोज त्याच पुलावरून जात असेल.

तेवढ्यात मामाच आला. "काय गं, बसलेली? तब्येत बरी आहे ना?"

तिने त्याला पडद्यासमोर बसवलं. आधी निळा सांधा दाखवला, मग लाल, मग आकडा. मामा पुढे वाकला. घासून घासून खरखरीत झालेला त्याचा अंगठा पडद्यावरच्या कडेपाशी गेला आणि तिथेच थांबला.

"तोडून परत ठोकता येतं का?" त्याचा आवाज उतरला होता.

"तोडायला नको," तुडतुडी म्हणाली. "रंग काढून पुन्हा ठोकता येईल. पण परवा पूल नाही उघडणार."

म्हणजे सगळ्यांना कळणार. मामाने दाराकडे पाहिलं.

"रंगाखाली कुणाला दिसतंय, तुडतुडे," तो पुटपुटला. पण ते म्हणताना तिच्याकडे बघणं त्याला जमलं नाही.

आई गोट्याला कडेवर घेऊन बाहेर आली. मामाला पाहताच गोट्याने दोन्ही हात पुढे केले. मामाने त्याला घेतलं नाही.

"ताई," तो म्हणाला. "पुलाचं जरा..."

"काय रे? काय झालं पुलाचं?"

मामाची नजर जमिनीवरून उठेना. गोट्याचे हात तसेच पुढे होते.

तुडतुडीने कोपऱ्यातलं स्टूल ओढत आणलं, मामाच्या खुर्चीला खेटून ठेवलं आणि त्याच्यावर बसली.

"आई, आधी माझं ऐक," ती म्हणाली. "टोचतंय असं मी म्हणाले होते."

आणि मामाचं सगळं सांगून होईपर्यंत ती त्या स्टुलावरून हलली नाही.