अमावस्येचं अपडेट

टँकर कक्षातल्या सर्व्हरला कक्षाचे मुख्य साहेब बापूसाहेबांनी लिंबू-मिरची बांधली होती. बसवला त्या दिवशी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, अन् झालं, साहेबांच्या लेखी काळजी मिटली! लातुरात प्यायला पाणी न्हाई, कुठल्या वस्तीला कुठला टँकर जाणार ते सगळं त्या डब्यात, अन् त्याचा रखवालदार कोण, तर लिंबू.

सर्व्हर सांभाळायचं काम पंचशीलेचं. लिंबाकडं बघितलं की तिचं डोकं उठायचं. त्यात तिची माय नागुबाई राहायची त्या वस्तीचा टँकर सारखा गायब होऊन राहिला होता. सकाळी स्क्रीनवर असायचा, दुपारी ती खेप बंगल्यांच्या कॉलनीत उतरायची. माय घागरी मांडून उन्हात बसलेली. खेपा बदलायचा अधिकार पंचशीलेचा, म्हणून वस्ती तिच्याच नावानं बोटं मोडायची. "तुझी पोरगी सायबीण झाली, आमचं पाणी विकून खाल्लं," असं शेजारणी मायच्या तोंडावर म्हणाल्या. ते तिच्या लई जिव्हारी लागलं.

तिनं सर्व्हर उकरून बघितला. टँकरचा ठेकेदार गुरुलिंग, त्याला खेपा नुसत्या बघायची मुभा. पण त्याच्याच लॉगिननं कुणीतरी आत शिरून सगळ्याचा मालक होऊन बसत होतं. भगदाड ऑपरेटिंग सिस्टिममध्येच होतं. ती बनवणाऱ्या कंपनीनं तर बजावलं होतं, चोर ह्याच वाटेनं शिरून राहिलेत, अपडेट ताबडतोब घाला.

ती साहेबांकडं गेली. उदगीर जिल्हा झाला तर आपली केबिन कुठं असावी, ह्याचा नकाशा काढण्यात साहेब गुंग. समोर कूलरच्या गारव्यात गुरुलिंग चहा पीत बसलेला.

"साहेब, अपडेट घालायचंय. सर्व्हर जरा बंद करून चालू करावा लागेल."

"आज? अहो मॅडम, आज अमावस्या! चालतं यंत्र आज बंद करतात का? पासवर्ड बदला अन् उद्या बघू."

"पासवर्डानं काय व्हायचंय? तो साध्या लॉगिननं येतो अन् आत आल्यावर साहेब होतो."

"तुम्हा लोकांना नसेल पटत, आम्हाला पाळावं लागतं."

तुम्हा लोकांना! पाणी चोरीला गेलं तरी चालेल, तिथी मोडता कामा नये. वा रे साहेब!

"ताई, साहेब म्हणतात ते ऐकावं माणसानं," गुरुलिंग मोबाईलवर बोट फिरवत म्हणाला.

तेवढ्यात भिंतीवरच्या स्क्रीनवरून वस्तीची खेप गेली अन् कॉलनीसमोर उमटली. तिघांच्या डोळ्यांदेखत.

"चोर अमावस्या पाळत न्हाई, साहेब," असं म्हणून पंचशीला थेट सर्व्हरकडं गेली.

"कुणाच्या परवानगीनं?" साहेब मागून ओरडत राहिले. तिनं वळूनही बघितलं न्हाई. नेटची वायर उपसली, अपडेट घातलं, यंत्र बंद करून चालू केलं. आत कुणीतरी स्वतःसाठी मालकाचं जास्तीचं खातं काढून ठेवलं होतं, तेही उडवलं. वस्तीची खेप जागेवर लावली अन् वायर परत जोडली. आभाळ कोसळलं न्हाई. लिंबूही जागचं हललं न्हाई.

ती केबिनमध्ये आली तेव्हा साहेब नोकरीवरून काढायची भाषा करत होते. गुरुलिंगाचं तिकडं ध्यानच नव्हतं. तो मोबाईल पुन्हापुन्हा दाबून राहिला होता.

"ताई, काय बिघडवलं ओ तुम्ही?" तो वैतागून म्हणाला. "मला आता नुसत्या खेपा दिसून राहिल्यात. बदलेनात की!"

कूलर घरघरत होता.