डावं चाक

"बाबा, ते डावं चाक तुम्हीच बसवलं होतं ना?"

भोंगा हे घरी विचारूच शकणार नाही, अशी मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी पैज लावली होती. वक्तृत्वात पहिला नंबर आल्यापासून तिला सगळे भोंगा म्हणत आणि तिला ते भलतंच आवडलं होतं. भोंगा कधी माघार घेतो होय? पण शाळेतून आल्या आल्या प्रश्न तोंडातून सुटला आणि आईच्या हातातली बशी ओट्यावर आदळली.

"काय बोलतेस, कळतं का तुला?"

बाबा रागावले नाहीत. हवाई तळावर लष्कराच्या मालवाहू विमानांची चाकं बदलण्यात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. काम झालं की ते आणि त्यातल्या एका विमानाचे कॅप्टन चाकाला टेकून चहा घेत. कॅप्टन अर्धाच पीत, ग्लासावर बशी ठेवत आणि म्हणत, "उस्ताद, उरलेला आल्यावर." दोन महिन्यांपूर्वी ते विमान उतरताना धावपट्टीवरून घसरलं, कलंडलं आणि कॅप्टनसकट पेटलं. तेव्हापासून बाबा घरीही अर्धाच चहा पीत, उरलेला झाकून ठेवत. संध्याकाळी आई तो मोरीत ओतून टाकी.

चौकशीत चार शक्यता निघाल्या, बाबांनी सांगितलं. आडवा वारा सुटला असेल. पट्टीवर पाणी साचलं असेल. सलग तिसरी फेरी, कॅप्टन दमले असतील. इथवर ते भराभर बोलले. मग समोरचा अर्धा ग्लास बशीने झाकला. नाहीतर डाव्या चाकाचा ब्रेक अडकला असेल. सगळं इतकं जळालं होतं, की याहून जास्त कुणालाच काही सांगता येईना.

"मीच बसवलं होतं," ते म्हणाले. "चौकशीत कुणी विचारायच्या आत मीच हात वर केला. तपासलं होतं गं. रोज आठवून बघतो, तपासलंच होतं. वाटतं, वाऱ्यामुळे झालं असं ठरलं तर सुटलो. मग वाटतं, कशामुळे का होईना, कॅप्टननी एकदा येऊन म्हणावं, उस्ताद, चहा गार झाला."

पैज तर भोंग्याने जिंकली होती. पण उद्या मुली गराडा घालून उभ्या राहणार. 'नाही, दुसऱ्याच कुणीतरी बसवलं होतं' एवढं म्हटलं की सुटका. खरं तर तसंच म्हणायचं मनाशी घोकत ती घरी आली होती. आणि हवे होते तिला ते आधीचे बाबा, जिन्यातूनच शीळ घालणारे, ग्रीसने माखलेल्या हातांनी तिचं नाक धरायला धावणारे.

तिने झाकलेला ग्लास उचलला, चहा गरम केला आणि त्यांच्यासमोर ठेवला. बाबा तो दोन्ही हातांत धरून नुसते बसून राहिले.

"मी ठरवलंय," ती दोघांना म्हणाली. "उद्या वर्गात मीच सांगणार. डावं चाक माझ्या बाबांनी बसवलं होतं, आणि तपासून बसवलं होतं. शक्यता चार आहेत. ज्यांना ऐकायच्यात त्यांनी चारही माझ्या तोंडून ऐकाव्यात."