मूठभर तूस

रविवारी सकाळी विमलबाईंनी डाव्या हातात भाताचं तूस घेतलं, मूठ घट्ट आवळली आणि उघडली. तूस बोटांमधून भुरुभुरु खाली सांडलं. कोंबड्यांच्या जाळीबाहेर उभ्या असलेल्या मुलाकडे त्यांनी असं बघितलं, जणू निकालच लागला.

"कोरडं आहे. ढेकूळ झालं असतं तर मीच उपसून टाकलं असतं. तुझ्या कमिटीची वाट बघितली नसती."

"माझी कमिटी नाही, आई. सोसायटीची आहे," शुभंकर म्हणाला.

विमलबाईंच्या उजव्या हाताची मूठ अजून वळत नव्हती. भर पावसाळ्यात याच जागी, नुसत्या चिखलात पाय सटकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं अशी आखडली होती की पोळपाटावर लाटणं फिरत नव्हतं. तेव्हापासून घरात एकच विषय होता: कोंबड्यांच्या पायाखाली काय घालायचं.

शुभंकरला भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचे ब्लॉक हवे होते. पाणी मारलं की झालं स्वच्छ, असं त्याचं म्हणणं. विमलबाईंनी विचारलं, बडोद्याच्या मे महिन्यात, दुपारी, त्या ब्लॉकवर तू अनवाणी उभा राहशील का? राहिलास तर माझ्या कोंबड्याही राहतील. मग त्याने ऑफिसात उरलेली हिरव्या प्लास्टिकची लॉन गुंडाळून आणली. कोंबड्यांनी दिवसभर तिच्यावर चोची मारल्या. काळ्या कोंबडीचं नाव तिच्या रुबाबावरून मामलेदारीण पडलं होतं; तिने एक पातं उपटलं, ते गिळता येईना आणि टाकताही येईना. विमलबाईंनी संध्याकाळी ते हिरवं भेंडोळं उचलून कोपऱ्यात उभं केलं. प्लास्टिक उकरून माझ्या कोंबड्यांना काय सापडणार, त्या म्हणाल्या, तुझ्या साहेबाचा फोन नंबर?

त्यांचं स्वतःचंही पहिल्या झटक्यात जमलं नव्हतं, पण ते कुणी बोलून दाखवायचं नव्हतं. आधी रेती आणली, ती पहिल्याच सरीत पापडासारखी थापली गेली. मग दांडिया बाजारातल्या सुताराकडून लाकडाचा भुसा आणला, तो इतका बारीक की कोंबड्या शिंकायला लागल्या. विमलबाईंनी जाऊन त्या सुतारालाच झापलं, जणू त्यानेच तो गळ्यात मारला होता. येताना मात्र त्याच्या रंध्याखालच्या कुरळी, जाड सालपटं पोत्यात भरून आणली. वाघोडियाकडच्या एका भातगिरणीतून तूस आलं. जमीन भराव घालून उंच केली, चुना शिंपडला, वरचा पत्रा पुढे काढून घेतला आणि मग तूस आणि सालपटं एकत्र करून चार बोटं जाड थर दिला. तो रोज खालीवर करायचा. हे कुठल्या पुस्तकातलं नव्हतं; विमलबाईंची शाळा तिसरीतच सुटली होती. शाळेने त्यांना सोडलं की त्यांनी शाळेला, यावर माहेरी दोन मतं होती.

तेवढ्यात वासाची तक्रार झाली. कुणीतरी कमिटीच्या कानावर घातलं होतं. रविवारी येऊन बघू, वास आला तर कोंबड्या देऊन टाकाव्या लागतील, असा निरोप आला. तक्रार कुणाची ते निरोपात नव्हतं. विमलबाईंना सांगायची गरजही नव्हती. शेजारच्या रसीलाबेन चातुर्मासात कांदासुद्धा घरात येऊ देत नसत. त्या कपडे वाळत घालायला आल्या की विमलबाई भिंतीच्या अलीकडून कोंबडीशी मोठ्यांदा बोलत.

"मामलेदारीण, हळू गं बाई. पलीकडे नाजूक नाकं राहतात."

रसीलाबेन चिमटे गोळा करून आत जात.

रविवारी कमिटीचे तिघं आले. मागोमाग रसीलाबेनही आल्या. विमलबाईंनी हिरवी लॉन जाळीबाहेर अंथरून तिच्यावर तीन खुर्च्या मांडल्या होत्या.

"बसा. ही खास तुमच्यासाठी. कोंबड्यांना पसंत पडली नाही."

चौथी खुर्ची नव्हती. रसीलाबेन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. शुभंकर स्वयंपाकघराच्या दारात होता. त्याची बायको यशश्री चहाचा ट्रे घेऊन त्याच्यामागे थांबली होती, कारण तो वाटेतून हलतच नव्हता.

सेक्रेटरी केयूरभाई तरुण आणि सालस. त्यांनी आधी जाळीला नाक लावलं, मग आत वाकून तुसाजवळ नेलं. मामलेदारिणीने त्यांच्या बुटाची नाडी तपासली.

"वास तो आवती ज नथी, मासी," ते सरळ होत म्हणाले. दांडिया बाजारात वाढल्यामुळे त्यांना मराठीही येत होती. "आम्हाला वाटलं होतं, खूप असेल. शुभंकरभाईच म्हणाले ना, मागची खिडकी उघडता येत नाही."

ट्रेमधले कप किणकिणले. कोंबड्यांचं उकरणं तेवढं चालू राहिलं.

विमलबाईंनी मुलाकडे पाहिलं नाही. त्यांनी रसीलाबेनकडे पाहिलं. रसीलाबेन स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत होत्या.

"मीच बोलायला लावलं त्याला," विमलबाई म्हणाल्या. "म्हटलं, आपल्या घरच्या कोंबड्या, आपणच आधी चार माणसांना बोलावून दाखवाव्यात. मागाहून कुणी बोट दाखवायला नको."

आवाज तोच, रोजचा. केयूरभाईंनी मान डोलावली आणि कोंबड्या राहू देत असं सांगून टाकलं. बाकीच्या दोघांनी चहा घेतला. विमलबाईंनी आपल्या बुडाखालचं स्टूल काढलं आणि पायाने भिंतीकडे सरकवलं.

"बसो ने, रसीलाबेन. उभ्या कशाला?"

रसीलाबेन क्षणभर थांबल्या, मग बसल्या. चहाही घेतला.

सगळे गेल्यावर शुभंकर अंगणात आला. त्याने खुर्च्या एकात एक घातल्या, पुन्हा सुट्या केल्या.

"तू परत पडली असतीस, आई."

"पडले असते, तर उठले असते."

"माझं तू ऐकलं नसतंस."

"नसतंच ऐकलं." विमलबाई लॉन गुंडाळत होत्या, डाव्या हाताने आणि गुडघ्याने. "आणि त्यांचं ऐकेन असं वाटलं तुला? इतकी वर्षं कुणाच्या घरात वाढलास?"

त्यांनी भेंडोळं त्याच्या अंगावर लोटलं, त्याने ते झेललं आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलं. परत आला तेव्हा त्या लोखंडी दाताळं पुढे करून उभ्या होत्या.

"चप्पल काढ."

तो अनवाणी आत गेला. पहिली पावलं त्याने जपून टाकली, ओल्या फरशीवर टाकावीत तशी. पाय सटकला नाही. कोंबड्या बाजूला झाल्या. फक्त मामलेदारीण जागची हलली नाही, तेव्हा तोच तिला वळसा घालून गेला.

"पाण्याच्या भांड्याशेजारचं घे मूठभर. आवळ."

त्याने आवळून मूठ उघडली. तळहातावर तुसाचं ढेकूळ तसंच राहिलं. त्याने ते आईला दाखवलं.

सकाळी तिथपर्यंत विमलबाईंचा डावा हात गेला नव्हता. त्यांनी ढेकळाकडे पाहिलं, त्याच्या धडधाकट हाताकडे पाहिलं.

"तेवढं काढून टाक. कोरडं घाल. मग बाकीचं खालीवर कर. आणि उद्या ऑफिसला जायच्या आधी परत बघायचं."

"उद्या?"

"रोज."

त्या आत गेल्या. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत त्या मागच्या खिडकीची कडी गंजून बसली होती. ती डाव्या हाताने सरकेना, म्हणून त्यांनी तिला उजव्या तळहाताचा फटका मारला. कळ कोपरापर्यंत गेली. दोन्ही झडपा त्यांनी भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या आणि खाट ओढून त्या खिडकीसमोर बसल्या.

"खालून वर," त्यांनी बाहेर हाक दिली. "वरवर नको."